पिंडरसाहेबांचा तांब्या

वस्तुसंग्रहालयात पाहुणे येणार म्हटल्यावर चंद्रभागाबाई ओव्हाळांनी घरून अर्धा पाव चिंच नेली. सारं पुढचं त्या चिंचेनं झालं.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर बाई घरात बसून कंटाळल्या होत्या. मुलगी अक्षता हिंजवडीच्या कंपनीत कामाला होती. ती सकाळी आठला बसने जायची आणि रात्री नऊला फक्त झोपायला यायची. तिनेच इंटरनेटवर शोधून आईला एका ख्रिस्ती सेवामंडळाच्या वस्तुसंग्रहालयात स्वयंसेवक म्हणून चिकटवलं. "आई, तू बोअर होतेस, त्यांना लोक हवेत. विन-विन आहे." आम्ही बौद्ध माणसं, तिथे काय करायचं, असं बाईंनी विचारून पाहिलं. तिथले प्रमुख सॉलोमन गायकवाड यांनी उत्तर दिलं, "धूळ सगळ्या धर्मांची सारखीच असते, ताई." बाईंना माणूस आवडला.

संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. बायबलच्या जुन्या प्रती, एक वाळवी लागलेली पेटी, ग्रुप फोटो, आणि मधोमध काचेच्या कपाटात एक काळाकुट्ट तांब्या. दीडशे वर्षांपूर्वी रेव्हरंड पिंडर यांनी एका विहिरीवर याच तांब्याने पहिल्या कुटुंबाला बाप्तिस्मा दिला, म्हणजे डोक्यावर पाणी ओतून धर्मात घेतलं, असं गायकवाडसर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. येणारे फारसे नसत. त्यामुळे ते बाईंनाच पुन्हा पुन्हा सांगत.

त्या शुक्रवारी मात्र पिंडरसाहेबांचे पणतू इंग्लंडहून येणार होते. साहेबांची सगळी पत्रं त्यांच्याकडे होती. ती पुण्याला द्यायची की तिकडच्या एखाद्या ग्रंथालयाला, हे त्यांना संग्रहालय पाहून ठरवायचं होतं. या पत्रांसाठी गायकवाडसर अकरा वर्षं पत्रव्यवहार करत होते. मंगळवारी ते बाईंना एवढंच म्हणाले, की सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे.

आता पाहुणे येणार आणि समोर काळं भांडं, हे ज्या बाईला बघवेल ती बाई महाराष्ट्रात जन्मलेली नाही. बाईंनी चिंच आणि मीठ घेऊन नळावर बसून तांब्या घासला. तळाला कुणीतरी हिरवं कापड डकवलेलं होतं, ते भिजू नये म्हणून तेवढं सोडलं. बाकी तांब्या असा निघाला, की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

गायकवाडसर आले आणि कपाटासमोर थबकले.

"ताई, हा तांब्या दीडशे वर्षं काळा होता."

"दीडशे वर्षांत कुणीच घासला नाही?" बाईंनी सहज विचारलं.

सर खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. ते प्रार्थना करत असावेत असं बाईंना वाटलं. मग त्यांना चूक कळली, आणि कळली तशी लागलीही. आयुष्यात पहिल्यांदाच भांडं स्वच्छ केल्याबद्दल कुणाची माफी मागावी लागत होती. शुक्रवारच्या आत होता तसा काळा करून आणते, असं म्हणून त्यांनी तांब्या पिशवीत घातला.

काळं करणं सोपं असतं असा आपला समज असतो. बाईंनी आधी मेणबत्तीची काजळी धरली. ती बोट लावताच निघाली. मग बुटांचं पॉलिश लावलं. तांब्या काळा झाला, पण त्याला परेडला निघाल्याचा वास यायला लागला. तो वास काढता काढता बुधवारची दुपार गेली. रात्री अक्षताने नेटवर शोधून सांगितलं, की उकडलेली अंडी कुस्करून त्यांच्यासोबत तांब्या डब्यात बंद करून ठेवायचा. सकाळी डबा उघडला तर तांब्याला गोवर आल्यासारखे ठिपके उठले होते आणि घराच्या सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या.

गुरुवारी बाईंनी रिक्षा केली आणि कसब्यात तांबट आळी गाठली. म्हातारे कारागीर ठोकणं थांबवून ऐकत होते.

"काळं आणून चकचकीत करून नेणारे रोज येतात," ते म्हणाले. "चकचकीत आणून काळं करा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. घरी सगळं ठीक आहे ना?"

बाईंनी दीडशे वर्षं, विहीर, साहेब, सगळं सांगितलं. भट्टीत धरायचा तर कापड काढावं लागेल, असं म्हणत कारागिरांनी ते खरवडून काढलं, तळ पुसला, आणि तांब्या उजेडाला नेला. तळावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरलेली होती. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर कोरतात तशीच.

"चि. सॉलोमन याचे बाप्तिस्म्यानिमित्त आजीकडून. बारा तीन एकोणीसशे एकसष्ट," त्यांनी वाचलं. "तुमचा साहेब दीडशे वर्षांचा म्हणालात ना? मग हा सॉलोमन कोण?"

"आमचे सर," बाई म्हणाल्या.

तांब्या काळा न करताच त्या परत आल्या. सरांनी तो उलटा करून वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग त्यांनी जे सांगितलं ते असं, की त्यांच्या लहानपणी घरातला एक तांब्या हरवला होता. तो आत्याने नेला असं आई म्हणायची, आणि त्यावरून दोघी एकवीस वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. आईने तो चर्चच्या जेवणाला दिला असणार आणि विसरली असणार. पुढे तिथल्या अडगळीत काळा पडलेला कुणाला तरी सापडला, आणि विहिरीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होतीच.

"दोघीही आता नाहीत," सर म्हणाले. बाईंना फार वाईट वाटलं.

"कापड परत डकवता येईल," त्या हळूच म्हणाल्या.

"येईल. पण मला आता माहीत झालंय ना. माहीत असून खोटं सांगायला मला जमायचं नाही, ताई. पत्रं गेली तर गेली."

शुक्रवारी पणतू पिंडर आले. सत्तरीचे, उंच, गुलाबी गृहस्थ, सोबत एक बॅग आणि पत्रांची पेटी. सरांनी त्यांना बसूही दिलं नाही. काचेतला तांब्या तुमच्या पणजोबांचा नाही, माझा आहे, अकरा वर्षं मी तुम्हाला चुकीचं लिहीत आलो, असं त्यांनी इंग्रजीत सांगून टाकलं आणि मान खाली घातली.

 पिंडरांनी मोठा सुस्कारा सोडला. ते म्हणाले, की हेच तुम्हाला कसं सांगावं या विचाराने त्यांना विमानात झोप लागली नव्हती. खरा तांब्या पणजोबांनी मायदेशी नेला होता, तो पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या दिवाणखान्यात होता. इतक्या प्रामाणिक माणसाकडेच तो आणि पत्रं राहावीत, असं त्यांनी आत्ता ठरवलं. त्यांनी बॅगेतून लोकरी कापडात गुंडाळलेला एक काळा तांब्या काढला आणि जवळ उभ्या असलेल्या चंद्रभागाबाईंच्या हातात दिला. त्यांचे डोळे भरून आले होते. सरांचेही भरले होते.

भांडं हातात आलं की बाई ते उलटं करून नाव बघते. चंद्रभागाबाईंनीही बघितलं. मग तांब्या सरळ केला.

सरांनी बाईंचा चेहरा पाहिला. पाहुण्यांकडे हसत हसत त्यांनी मराठीत विचारलं, "काय आहे?"

"लग्नाचा आहेर आहे, सर."

"साल?"

"विचारू नका."

सरांनी एकदा पत्रांच्या पेटीकडे पाहिलं. "नाही विचारत," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तांब्या घेऊन त्यांनी पिंडरसाहेबांचे मनापासून आभार मानले.