चौदावा खांब

विषय एक : प्रार्थना

"आमेन" म्हणून झालं आणि इसाकोने रिवाजाप्रमाणे पाठ मागे टेकवली. मागे काही नव्हतं. तो उताणा पडला. पाय संसदेत राहिले, डोकं दाराबाहेर गेलं.

तेरा सभासद बघत राहिले. त्या सगळ्यांच्या पाठी जागच्या जागी खांबांना टेकलेल्या होत्या.

"लागलं का हो काका?" चिटणीस आपेलेने विचारलं.

"लागायला मागे काही असावं लागतं!" इसाको उठून बसत म्हणाला.

सभापती लितियाबाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना त्यांनी कधी ना कधी उन्हात उभं केलं होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "इसाको, तू आत आहेस की बाहेर? हजेरी लिहायचीय."

"आतच आहे. पण माझा खांब कुठाय?"

आपेलेने बोटाने खांब मोजले. मग उलट्या बाजूने मोजले. "सभासद चौदा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "आणि खांब तेरा."

बेटाच्या संसदेत खुर्च्या नाहीत. केवड्याच्या चटईवर मांडी घालायची, आपल्या गावच्या खांबाला पाठ लावायची आणि मगच तोंड उघडायचं. खांब सोडून बोललेलं कुणी धरत नाही; ते माडी पिताना मारलेल्या गप्पांत जमा. वादळात जुनं लाकडी घर गेलं, त्याच्या जागी हे सिमेंटचं आलं, आणि आज त्यातली पहिली बैठक. बांधकाम चालू असताना सगळे सभासद येऊन बघून गेले होते. प्रत्येकाने आपापला खांब शोधला, त्यावरून हात फिरवला आणि तो समाधानाने घरी गेला. इसाकोला तेवढं जमलं नव्हतं. तो मोतीबिंदू काढायला दूरच्या मोठ्या बेटावर गेला होता आणि कालच्या बोटीने परतला होता.

आता त्याने नव्या डोळ्यांनी नीट पाहिलं. त्याच्या खांबाच्या जागी एक भलंमोठं दार होतं.

विषय दोन : मोकाट डुकरांचा बंदोबस्त

"थांबा," लितियाबाई म्हणाल्या. "विषय चार आधी घेऊ. बोट थांबणार नाही."

विषय चार : दक्षिणेच्या गावाला पाण्याची टाकी

दक्षिणेचं गाव इसाकोचं. गावची टाकी वादळात तडकली होती, आणि या बेटावर पावसाचं साठवलेलं सोडून दुसरं गोडं पाणी नाही. तेव्हापासून बायका शेजारच्या गावाहून बादल्या वाहत होत्या, आणि शेजारच्या गावातल्या बायका आता दारात उभ्या राहून बादल्या मोजायला लागल्या होत्या. कालच्या बोटीवर एक निळी टाकी आली होती. संसदेने मागितली तर उतरवायची. कप्तानाने स्पष्ट सांगितलं होतं, "ओहोटी लागायच्या आत काय ते कळवा. नाहीतर पुढच्या बेटावर उतरवतो, तिथले लोक मला खांद्यावर घेऊन नाचतील." आणि गावासाठी काही मागायचं तर ते त्या गावच्या सभासदानेच मागायचं, त्या गावच्या खांबावरून.

सकाळी निघताना इसाकोची बायको लोसा म्हणाली होती, "आज टाकी घेऊनच या. नाहीतर बसा तिथेच खांबाला टेकून. घरी येऊ नका."

आता तीही सोय राहिली नव्हती.

"काका, माझ्या खांबाला या ना," शेजारचा मानुएले आपली ऐसपैस पाठ बाजूला सारत म्हणाला.

"त्याच्या खांबावरून बोललास, तर ते त्याच्या गावचं बोलणं," लितियाबाईंनी बजावलं.

"मग टाकी?"

"त्याच्या गावात जाईल."

"या ना काका," मानुएले आणखी सरकला.

विषय चार, पुन्हा

दोघांनी किनाऱ्यावरून माडाचा ओंडका उचलून आणला आणि इसाकोच्या मागे उभा धरला.

"सभापतीबाई," समोरून फिलेमोनी बोलला, "छप्पर पेलतो तो खांब. हे सरपण आहे. त्या समोरच्यांना कुणीतरी सांगा."

फिलेमोनी उत्तरेच्या गावचा. त्याचा खांब इसाकोच्या बरोबर समोर, चुलीच्या बाजूला. दोघं तरुणपणी एका होडीतून कुपा मासे मारायला जायचे. पुढे गावागावांतल्या क्रिकेटच्या सामन्यात फिलेमोनी पंच होता आणि त्याने इसाकोला धावबाद दिलं. अख्खं उत्तरेचं गाव गात नाचत मैदानात उतरलं. इसाको म्हणाला, बॅट रेषेच्या आत होती. फिलेमोनी म्हणाला, नव्हती. त्या दिवसापासून ते एकमेकांशी सभापतींमार्फतच बोलत. संसदेत फिलेमोनी बोलायला लागला की इसाको सभात्याग करायचा. इतक्यांदा केला, की आपेले हल्ली त्याच्या चपला दाराकडे तोंड करूनच ठेवायचा.

"मुद्दा बरोबर आहे," लितियाबाई म्हणाल्या. "छप्पर पेललं पाहिजे."

मग डिझेलचं रिकामं पिंप लोळवत आणलं आणि आडवंच ठेवलं. त्याला खाली दगड लावले, वर ओंडका चढवला. ओंडक्याचं टोक छपराला लागलं. सभेने टाळ्या वाजवल्या. इसाकोने घसा साफ केला, पाठ टेकवली, "सन्माननीय" एवढं म्हणाला आणि पिंप चाललं. ते सावकाश, कुणाचीही घाई नसल्यासारखं सभेच्या मधोमध गेलं. ओंडका मात्र एका दमात आडवा झाला आणि चहाची किटली घेऊन विषय तीनच्या कागदांवर पडला.

"जनरेटरचा विषय पुढच्या बैठकीत," लितियाबाई म्हणाल्या. "कागद वाळल्यावर."

विषय शून्य : हा कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता

इसाकोला घाम फुटला होता तो ओंडक्यामुळे नाही.

नव्या घराच्या कमिटीचा अध्यक्ष तोच होता. जुन्या घरात भाजलेल्या डुकराचं ताट दोन खांबांमधून तिरकं करून आणावं लागायचं, आणि रस्सा नेमका सभापतींच्या मांडीवर सांडायचा. तेव्हा कमिटीत ठरलं, की एक खांब गाळून रुंद दार काढायचं; त्या खांबाला टेकणाऱ्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. कुठला गाळायचा ते अध्यक्षांनी बघावं. इसाकोने बघितलं. नकाशात लंबगोल घर होतं आणि कडेने चौदा ठिपके, दोन्ही बाजू सारख्या. चूल फिलेमोनीच्या बाजूला, म्हणजे दार तिथेच हवं. कारण इतकं चोख होतं, की इसाकोला स्वतःचा हेतू तपासायची गरजच पडली नाही. त्याने पेन्सिलीने फिलेमोनीच्या ठिपक्यावर फुली मारली. "इथे दार काढ," एवढंच तोमासी गवंड्याला म्हणाला आणि डोळे घेऊन बोटीत चढला. नाव घेतलं नाही. नाव घेण्यासारखं ते काम नव्हतं.

आणि आता दार इथे होतं.

मोतीबिंदूच तो, इसाकोने स्वतःला सांगितलं. नकाशा उलटा दिसला असणार. त्याने हळूच समोर पाहिलं. फिलेमोनी आपल्या खांबाला टेकून छपराकडे बघत होता.

विषय नव्हे, जेवण

चूल एका बाजूला आणि दार दुसऱ्या बाजूला असल्यामुळे जेवण अख्ख्या घराला वळसा घालून आलं. पुढे फिलेमोनीची बायको सीना होती, डोक्यावर नीरफणसाची परात घेऊन.

"हे दार कुणाच्या डोक्यातून आलं?" तिने परात आपटली. "चूल तिकडे, दार पाण्याकडे! जेवण माशांना वाढायचं का?"

"मला काय विचारता वहिनी," बाहेरून तोमासी गवंडी ओरडला. "अध्यक्षांच्या हातची फुली आहे. नकाशा दाखवतो हवं तर!"

सगळ्यांनी इसाकोकडे पाहिलं.

"इसाको," लितियाबाईंनी चष्मा काढला. "तू स्वतःचाच खांब काढलास?"

खरं सांगायला ही वेळ उत्तम होती. इसाकोने तोंड उघडलंही. पण मानुएले त्याच्या आधी सुरू झाला.

"बघा!" मानुएले म्हणाला. "आपलं जेवण गरम यावं म्हणून काकांनी स्वतःची जागा दिली! आपल्यापैकी कुणी दिली असती?"

कुणी दिली नसती. सभा गहिवरली. एकाने डोळे पुसले. सीनासुद्धा नरमली. "तरी पण भावजी," ती म्हणाली, "चुलीच्या बाजूचा का नाही काढला?"

"डोळे," इसाको कसाबसा म्हणाला.

"अरेरे," सगळी सभा एका सुरात म्हणाली. सर्वांत मोठा नीरफणस त्याच्या पानात पडला. फिलेमोनीला एकदम ठसका लागला आणि तो बराच वेळ गेला नाही.

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला.

विषय चार, शेवटचा

इसाको सोडून सगळ्यांना बोट दिसत होती. त्याच्या मागच्या रुंद दारातून बाहेरचं पाणी दिसत होतं, पाण्यात बोट, बोटीवर निळी टाकी आणि नांगर ओढणारी माणसं.

"लितियाबाई, असंच बोलू द्या मला," इसाको म्हणाला. "पाण्यासाठी बोलतोय हो. आमच्या बायकांनी किती दिवस दुसऱ्यांच्या दारात उभं राहायचं?"

"मलाही द्यावंसं वाटतंय," लितियाबाई म्हणाल्या. "पण आज तुला दिलं, तर उद्या जो तो वाटेल तिथून बोलेल."

फिलेमोनी उठला. त्याने आपला खांब सोडला, सभेच्या मधून चालत आला, पिंपाला पायाने बाजूला केलं आणि उंबऱ्यावर पाण्याकडे तोंड करून मांडी घातली. मग त्याने आपली पाठ इसाकोच्या पाठीला लावली.

"त्यांना सांगा," तो लितियाबाईंना म्हणाला, "बोला म्हणावं."

"माणूस खांब कसा होईल?" आपेले म्हणाला. "छप्पर पेलतो तो खांब, असं हेच म्हणाले मघाशी!"

लितियाबाईंनी छपराकडे पाहिलं. "वादळाच्या वेळी मी जुन्या घरात होते," त्या म्हणाल्या. "खांब एकेक करून मोडले. शेवटी छपराचा दोर धरून दोन माणसं उभी होती, आम्ही सगळे बाहेर पडेपर्यंत. एक हा फिलेमोनी. दुसरा हा इसाको. एका दोराला लोंबकळत होते आणि तेव्हासुद्धा एकमेकांशी बोलत नव्हते." त्यांनी चष्मा घातला. "यानं छप्पर पेललंय. मी बघितलंय. खांब मंजूर. बोल, इसाको."

इसाको एरवी बोलायला लागला की माडीची भांडी रिकामी व्हायची. आज तो म्हणाला, "आमच्या गावाला पाणी नाही. टाकी द्या." आणि थांबला, कारण बोलताना मागची पाठही श्वास घेते आहे हे त्याला कळत होतं.

हात वर झाले. आपेले कमरेची लुंगी सोडून ती फडकवत किनाऱ्याकडे धावला. बेटाचा निर्णय कप्तानाला अशा रीतीने कळला. बोट थांबली.

विषय दोन, उरलेला

डुकरांच्या चर्चेत हे दोघं तसेच पाठीला पाठ लावून बसले होते.

"फिलेमोनी," इसाको ओठ न हलवता म्हणाला. सभापतींशिवाय पहिल्यांदाच. "ती फुली मी तुझ्या खांबावर मारली होती."

मागून आलं, "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"तू गेल्यावर तोमासी मला विचारत होता, यात पाण्याची बाजू कुठली. मी फुली बघितली. मग म्हटलं, अरे, तू नकाशा उलटा धरलायस. आणि फिरवून दिला."

इसाकोच्या कानशिलात रक्त चढलं. गेले कित्येक तास तो स्वतःच्या डोळ्यांना शिव्या देत होता! तो ताडकन उठायला गेला. बूड चटईवरून सुटलं आणि मागचं सगळं वजन त्याच्या पाठीवर आलं. हा उठला असता, तर फिलेमोनी भर सभेत उताणा पडला असता. पाय बाहेर, डोकं आत. फार सुंदर दिसलं असतं ते.

इसाको पुन्हा खाली बसला.

"विषय दोन," लितियाबाई म्हणाल्या. "उत्तरेच्या गावची डुकरं अळकुड्यांच्या खड्ड्यात शिरतात. मालकांनी स्वखर्चाने कुंपण घालावं, अशी इसाकोची सूचना. उत्तरेच्या सभासदाला विरोध करायचा असेल, तर," त्यांनी फिलेमोनीच्या रिकाम्या खांबाकडे पाहिलं. "जागेवर नाहीत. खांबाला मत नसतं. इसाको, तुझी सूचना आज बिनविरोध होतेय."

पाठीमागची पाठ ताठ झाली. अर्धीअधिक डुकरं फिलेमोनीचीच होती. पण तो हलला नाही.

इसाकोने बराच विचार केला. त्याच्या अळकुड्या खरंच गेल्या होत्या.

"पुढच्या बैठकीत घेऊ," तो म्हणाला.

आपेलेने दोनदा विचारून मग लिहिलं.

"आणि तो धावबाद?" थोड्या वेळाने इसाकोने हळूच विचारलं.

"बादच होतास तू. हातभर बाहेर."

इसाको उठला नाही.

विषय पंधरा : चौदावा खांब बांधणे

हा विषय तेव्हापासून प्रत्येक बैठकीत असतो. तोमासी गवंडी सिमेंट घेऊन तयार आहे. फिलेमोनी आपल्या गावापुरतं स्वतःच्या खांबावरून बोलून घेतो आणि मग सिमेंट पाठीला गार लागतं अशी कुरकुर करत उंबऱ्यावर येऊन बसतो. इसाकोने अजून एकदाही सभात्याग केलेला नाही. त्याच्या चपला आपेले आता इतरांच्या चपलांतच ठेवतो.

"विषय पंधरा," लितियाबाई शेवटी वाचतात. "काय करायचं, इसाको?"

"पुढच्या बैठकीत घेऊ."

"अनुमोदन?"

लितियाबाई उंबऱ्याकडे बघतात, खांबाची मान हललेली त्यांना दिसते, आणि त्या बैठक संपवतात.