गिरजाबाईची रांग

आमच्या औंढ्यात लोकशाहीवर सगळ्यात गाढ श्रद्धा कुणाची, असं विचारलंत तर पुढारी वगळून मी गिरजाबाईचं नाव घेईन. दर निवडणुकीला ती धुतलेलं लुगडं नेसून, ओळखपत्र फडक्यात गुंडाळून, सकाळी सातला केंद्रावर हजर. आणि दर निवडणुकीला साडेसातला घरी परत.

कारण ओळखपत्रावर 'पुरुष' छापलं होतं. धनगराच्या घरी ती मुलगा म्हणून जन्मली, विशीच्या आत लुगडं नेसली आणि तेव्हापासून देवळाच्या रस्त्यावर घोंगड्या विकते. गावाला तिची सवय झाली, कागदाला झाली नाही. बायकांच्या रांगेत उभी राहिली, की बंदोबस्ताचा शिपाई कार्ड बघून ओरडे, "ए, तिकडं हो, गड्यांत!"

गड्यांच्या रांगेतून मत देता आलं असतं. ती म्हणे, "मत न्हाई दिलं तर चालंल. तिकडं न्हाई उभी ऱ्हानार."

मी शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून दुरुस्तीचे अर्ज माझ्या गळ्यात. मी जेवायला बसलो की ही दारात. "बराबर लिव्हा, मास्तर." प्रत्येक ओळ वाचून दाखवायची, आणि प्रत्येक ओळीला हरकत.

"'नम्र विनंती' काहून? मी काय भीक मागून राहिले?"

विनंती खोडली. तहसिलातून अर्ज परत आला : यात विनंती नाही.

पुन्हा लिहिला. मग कारकून म्हणाला, "बाई करायचं तर नवऱ्याचं नाव लागंल."

"बापाचंच ऱ्हाऊ द्या," गिरजाबाई म्हणाली. "भावांनी काढलं मला घरातून. त्यानं न्हाई काढलं."

कारकुनानं डॉक्टरचा दाखला मागितला. डॉक्टरनं तहसिलाचं पत्र मागितलं. मी दोघांनाही मनातल्या मनात बरंच काही दिलं. असे अकरा अर्ज झाले. प्रत्येकाची नक्कल माझ्याकडे आहे, वाचवत नाही.

पुढे नवे फोटो काढायची मोहीम निघाली. संगणकावर बसलेल्या कुण्या ऑपरेटरनं लुगड्यातला फोटो पाहिला, 'पुरुष' पाहिलं, आणि छपाईची चूक समजून 'स्त्री' करून टाकलं. माझ्या अकरा अर्जांचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

त्या निवडणुकीला गिरजाबाई सहालाच आली. शिपायानं कार्ड पाहिलं आणि बायकांच्या रांगेकडं बोट केलं. मी मत देऊन घरी गेलो, जेवलो, झोपलो. चारला केंद्रावरून जाताना पाहतो तर ही अजून रांगेतच! सगळ्या बायकांच्या मागं, कडेवर कुणाचं तरी लेकरू.

"गिरजाबाई, सकाळपासून काय करताय?"

"पाळी आली की कुनी तरी म्हनतं, आत्या, लेकरू धर, मी आत जाऊन येते. मग मी मागं सरकते." जवळच्या बाईनं तिला सुपारीचं खांड दिलं. तिनं ते हक्कानं घेतलं.

"अहो, पाचला बंद होतंय. अकरा अर्ज कशाला लिहून घेतले माझ्याकडून?"

"हळू बोला, मास्तर. आत्ताच डोळा लागला त्याचा."

पाचला केंद्र बंद झालं. यादीत 'गिरजाबाई, स्त्री' या नोंदीपुढे मत दिल्याची खूण नाही.