एलिनोर कोण?

विल्मा येणार म्हटल्यापासून काविकाची झोप उडाली होती. बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाचं जेवण घालायचं होतं, आणि त्यासाठी मेव्हणी विल्मा अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून हवाईतल्या मोलोकाई बेटावर येणार होती. फोनवर तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "तिथली माणसं तिला आपली मानत होती का, ते मी बघणार. नसतील मानत, तर तिची राख मी घरी घेऊन जाणार."

राखेची पेटी फळीवर होती. काविका रोज सकाळी तिच्याशेजारी कॉफीचा कप ठेवायचा.

घोर एकाच गोष्टीचा होता. बायकोला अख्खं गाव 'हाओले' म्हणायचं. हाओले म्हणजे बाहेरचा, गोरा माणूस. तीस वर्षं तिला हीच हाक होती. पण विल्माला कुणीतरी सांगितलं होतं की ही शिवी आहे. तिच्या कानावर हा शब्द पडला तर पेटी गेलीच.

काविका घरोघर फिरला. "हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

शेजारच्या कालानीनं विचारलं, "मग म्हणायचं काय?"

"एलिनोर."

"एलिनोर कोण?"

काविकानं कपाळाला हात लावला.

जेवणाच्या दिवशी अंगणात सगळं गाव जमलं. डुक्कर पहाटेपासून भट्टीत शिजत होतं. केकवर बेकरीवाल्यानं सवयीनं 'आमची हाओले' लिहिलं होतं. काविकानं ते घाईघाईनं चमच्यानं खरवडलं, तेव्हा मधोमध खड्डा पडला. विल्मानं खड्ड्याकडे बघितलं.

कालानी प्रार्थनेला उभा राहिला. "देवा, आमच्या ह्या... त्या... ह्या बाईला सुखी ठेव." एवढं बोलून तो घाम पुसत खाली बसला. तिच्यावर रचलेलं गाणं म्हणायला दोघं गिटार घेऊन उठले. शब्द टाळता टाळता त्यांनी सगळं गाणं नुसतं गुणगुणून काढलं. मग सगळे माना खाली घालून अळूच्या कंदाची पोई खात राहिले. चुकून तो शब्द तोंडातून जाईल म्हणून कुणी तिचा विषयच काढेना.

विल्मानं ताट बाजूला सारलं. "तीस वर्षं राहिली इथं, आणि कुणाला तिचं नावही धड माहीत नाही. काविका, पेटी बांधून ठेवा. उद्या मी तिला घेऊन जाते."



"पोरा," काविकाची म्हातारी पुआ आत्या म्हणाली, "मी आता तोंड उघडू का? सकाळपासून दाबून धरलंय, जबडा दुखला माझा."

काविकानं मान हलवली. आता जायचं काय उरलं होतं?

"माझ्या पायांना रोज तेल कोण लावायचं? हाओले," आत्या म्हणाली. "ही तुमची एलिनोर मी आजच ऐकली."

मग बांधच फुटला. "मला पोहायला हाओलेनं शिकवलं." "माझ्या पोरीच्या बाळंतपणाला रात्रभर हाओले बसली होती." "पत्त्यांत लबाडी करायची हाओले." गिटारवाल्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं, या खेपेला शब्दांसकट.

विल्मा रडत होती. डोळे पुसत तिनं विचारलं, "पण हा शब्द वाईट आहे म्हणतात."

"आहेच वाईट," आत्या म्हणाली. "आमचा किनारा अडवून बंगला बांधणाऱ्याला आम्ही हेच म्हणतो. तिला म्हणताना भाव वेगळा असायचा."

"मग मला काय म्हणाल?"

आत्यानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू पाहुणी आहेस अजून. हाओले व्हायला आधी भांडी घासावी लागतात."

माणसं पांगली. काविका फळीसमोर बसून होता. पेटी बांधायची की नाही, हे विल्मानं सांगितलं नव्हतं, आणि विचारायचा त्याला धीर होत नव्हता. तेवढ्यात अंगणातून आत्याची हाक आली, "हाओले, मोठं पातेलं राहिलंय गं."

काविका सवयीनं स्वयंपाकघराकडे बघत अर्धवट उठला.

आतून भांड्यांच्या आवाजात विल्माचं उत्तर आलं, "आले."

तो परत खाली बसला.