एकाची एक मूठ

चोरी आणि शिष्टाचार यांच्यातलं अंतर मराठवाड्यात एका मुठीचं असतं. रस्त्याकडेचा हरभरा घाट्यावर आला की येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यातले मूठभर ढाळे (घाट्यांनी लदलेली हिरवी रोपं) उपटावेत, हिरवे दाणे सोलून तोंडात टाकत पुढं चालू लागावं, आणि मालकाने पाहिलंच तर "घ्या की, खायालाच हाय" असं म्हणावं, असा इथला रिवाज आहे. वाटसरूने विचारायचं नसतं (विचारलं तर मालकाला अपमान वाटतो) आणि मालकाने मनातलं बोलायचं नसतं (बोलला तर सगळ्या गावाला अपमान वाटतो). मूठ केवढी असावी, हे मात्र रिवाजाने खाणाऱ्यावर सोडलं आहे.

शेषेरावांचं दीड एकर रान लातूर-नांदेड रस्त्याला, अहमदपूरच्या अलीकडे. रस्त्याकडच्या दोन ओळी वाटसरूंच्या, बाकी घरच्या, अशी त्यांच्या वडिलांपासूनची वाटणी. यंदा या बाकीच्या ओळींना फार महत्त्व होतं. त्यांची लेक आरती बिलोलीला दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला व्याही मंडळी जेवायला येणार होती, आणि शेषेरावांनी बिलोलीला जाऊन, भर बैठकीत मांडीवर थाप मारून सांगितलं होतं, "पुरण आमच्या रानातल्या डाळीचं. इकतची डाळ आमच्या घरात शिजत न्हाई." (त्याच दिवशी परत येताना एसटी नरसीजवळ पंक्चर झाली, तेव्हा त्यांनीही कुणाच्या तरी शेतातून मूठभर ढाळे घेतले होते. पण तो रिवाज झाला.)

याच सुमारास लातुरात स्थानिक व हंगामी आहार प्रबोधन मंडळ स्थापन झालं. माणसाने आपल्या मातीतलं आणि आपल्या ऋतूतलं खावं, हे तत्त्व लातूरकरांना नवं नव्हतं, पण एवढ्या मोठ्या बॅनरवर त्यांनी ते आधी वाचलं नव्हतं. उद्घाटनाला स्ट्रॉबेरी होत्या (महाबळेश्वर महाराष्ट्रातच असल्याने स्थानिक). मंडळाच्या अध्यक्षा तनुजाताई यांनी एका रविवारी शेषेरावांच्या बांधाशी गाडी थांबवली, एक ढाळा गालाला लावून व्हिडिओ काढला आणि जगाला सांगितलं की हे बाजारात मिळत नाही. त्या दिवशी लातूरच्या गंजगोलाई बाजारात ढाळ्यांचे ढीग लागले होते, पण तिथं पार्किंग मिळत नाही, हेही तितकंच खरं.

पुढच्या रविवारी गाड्यांची रांग लागली. दोन ओळी दुपारपर्यंत संपल्या. पाहुणे तिसरीत शिरले तेव्हा शेषेराव बांधावर उभे राहून हसत होते. कुणीतरी ढाळे भाजून हुळा करायचा म्हणून जाळ कुठं मिळेल असं विचारलं. शेषेरावांनी स्वतःच्या तुराट्यांचा ढीग दाखवला, वर काडेपेटीही दिली.

"तुमच्या जिभेला हाडच न्हाई," घरी लक्ष्मीबाई म्हणाल्या. "दिसला माणूस की, घ्या की! पाडव्याला व्याह्याच्या ताटात काय ढेकळं वाढू?"

"खाऊन राहिलेत मानसं. त्यांच्या तोंडातला घास काढू का?"

"आपल्या तोंडातला निघून राहिला, त्याचं काय?"

या प्रश्नाचा रिवाजात विचार झालेला नसल्याने शेषेराव बाहेर गेले.

शेताच्या समोर पाशामियाँची रसवंती. थंडी सरली की ते लातूरहून चरक घेऊन येतात आणि पाऊस पडेपर्यंत तिथंच असतात. त्यांनी सरळ सल्ला दिला, "बोर्ड लगावो शेषेराव. हात लावू नये, बस."

पण हात लावू नये असं विजेच्या डीपीवर लिहितात, आल्यागेल्यासाठी नाही. शेषेरावांनी पुष्कळ विचार करून पत्र्यावर रंगाने लिहिलं: 'नमस्कार. कृपया एकाने एकच मूठ घ्यावी. आपला, शेषेराव.' पाशामियाँनी पाटी दोनदा वाचली. "ये मनाई है के दावत?"

ती दावत होती. आजवर जे थांबत नव्हते तेही पाटी वाचून थांबू लागले. आणि एक गोष्ट इथं अभिमानाने नमूद केली पाहिजे, की नियम कुणीही मोडला नाही. सहा माणसांचं कुटुंब सहाच मुठी घेई. कडेवरच्या बाळाची मूठ लहान पडते म्हणून ती आई घेई. एक गृहस्थ गुडघेदुखीमुळे घरी राहिलेल्या वडिलांची मूठ घेऊन गेले, तेही हळहळत. एका कोचिंग क्लासच्या दोन बस आल्या. सरांनी पोरांना ओळीत उभं केलं, मुळावरच्या गाठींवर दोन प्रश्न विचारले (चार गुण, निगेटिव्ह मार्किंगसह) आणि मग एकेकाला सोडलं. ती शिस्त पाहून शेषेरावांना भरून आलं. बस निघून गेल्यावर त्यांनी रानाकडे पाहिलं, तेव्हा पलीकडच्या बांधावरचं बोरीचं झाड खोडापासून दिसत होतं. एरवी या दिवसांत त्याचा बुंधा हरभऱ्याआड झाकलेला असायचा.

महिनाअखेर मंडळाने पाहणी केली. दरडोई ग्रहण: एक मूठ. नियमभंग: शून्य. शिल्लक पीक: शून्य. (तिसऱ्या आकड्याचा पहिल्या दोहोंशी संबंध जोडण्याजोगा पुरावा आढळला नाही.) अशा आदर्श शेतकऱ्याचा सत्कार करणं क्रमप्राप्तच होतं.

लातूरच्या सभागृहात शेषेरावांना शाल, श्रीफळ आणि एक आहार-टोपली मिळाली. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते नुसतेच हात जोडून उभे राहिले. तेव्हा लक्ष्मीबाईंनी माईक घेतला.

"माझं दीड एकर ज्यानं खाल्लं, त्यानं हात वर करावा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. असा माणूस आपल्यात बसला असेल, या कल्पनेने काहींच्या चेहऱ्यावर खरोखरचा संताप दिसत होता.

"बरं. ज्यानं एक मूठ घेतली, त्यानं करावा."

सगळे हात वर गेले. तनुजाताईंचा सर्वांत आधी. एवढी माणसं नियमाने वागली हे पाहून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग टाळ्या थांबेचनात. लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाश्रू असल्याचं ताईंनी जाहीर केलं.

टोपलीत हरभऱ्याच्या डाळीचं पाकीट होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मूळ देश ऑस्ट्रेलिया असं छापलं होतं (तिथं तिचा हंगाम असणारच). पाडव्याला त्याच डाळीचं पुरण शिजलं. व्याह्यांनी तिसरी पोळी मागून घेतली, डोळे मिटून घास चावला आणि म्हणाले, "घरच्या डाळीची गोष्टच न्यारी हाय, शेषेराव." शेषेरावांनी मान डोलावली. त्यांना इतकी लाज वाटली की त्यांच्या स्वतःच्या ताटातली पोळी तशीच राहिली. लक्ष्मीबाई खाली मान घालून व्याह्यांच्या पोळीवर तूप वाढत राहिल्या.

पुढच्या वर्षी मंडळ हा उपक्रम ज्वारी, भुईमूग आणि बोरांपर्यंत नेणार आहे. दीड एकर नेमकं कुणी खाल्लं, याचा तपासही चालू आहे, पण संशयित अद्याप सापडलेला नाही. फेब्रुवारीत आपण त्या रस्त्याने गेला असाल, तरी काळजीचं कारण नाही. गाडीच्या मागच्या सीटखाली घाट्यांची टरफलं निघाली तर झाडून टाकावीत. आपण एकच मूठ घेतली होती, याबद्दल कुणाच्याही मनात शंका नाही.