थोरलीशी ओळख

कडुबामामा नव्या माणसाची मशीनशी रीतसर ओळख करून द्यायचे. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात पत्रा दाबणारा अडीचशे टनी प्रेस होता. मामा त्याला 'थोरली' म्हणत. नारळ नाही, अगरबत्ती नाही. टोपी काढून तिच्यापुढं उभं राहायचं आणि माणसाचं गाव, आजोळ, घरची मंडळी, सगळं सांगायचं. जणू स्थळच घेऊन आलेत!

"वळख असली की तोंड नाय घालत ती," असं त्यांचं म्हणणं. एकानं ओळखीविना हात घातला होता, त्याची दोन बोटं गेली. तेव्हापासून मॅनेजरसाहेबसुद्धा या रीतीला वचकून असत. एरवी आकड्यांशिवाय बोलत नसत, पण गाडीला दर शनिवारी ताजं लिंबू-मिरची.

मी बायको-लेकीला घेऊन सोयगावहून इथं राहायला आलो आणि थेट प्रेसवर लागलो. थोरली खाली आली की पायाखालची फरशी हादरायची. खोटं कशाला सांगू, पळून जावंसं वाटायचं. आणि मामा ओळखच करून देईनात.

"आज नाय. आज तिचं डोकं फिरलंय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी म्हणे, "तुझ्या गावाचं नाव ऐकून नाक मुरडलं तिनं." मॅनेजर चरफडले, पण मला हात लावायला सांगायची त्यांची छाती होईना. मामा दिवसभर एकटेच प्रेस चालवत. मी लांबून पत्रे पुरवायचो आणि म्हाताऱ्याला मनातल्या मनात हसायचो.

आठव्या दिवशी फिटर नवा सेन्सर घेऊन आला. त्याच्याकडूनच कळलं, हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर आठवडाभर बंद होता! ऑर्डर तातडीची, म्हणून मॅनेजरनी मामांना तसंच चालवायला सांगितलं होतं. ऐकून मी मामांना शोधायला धावलो.

मामा कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसलेले सापडले. हात इतके थरथरत होते, की शर्टाचं बटण काजात जाईना.

"मला सांगायचं ना, मामा!"

"सांगितलं असतं तर तू नाय म्हणला असता. नवा गडी नाय म्हणला की दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर. मला येडा समजून सोडतेत."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"लई वाटली रे. पण तुला लेक हाय. माझी वाट बघाया घरी कोण हाय?"

खाली बसून मी त्यांची बटणं लावली.

"चला मामा, लेक वाट बघतेय."

"जा की मग लवकर," ते म्हणाले. मी आमच्या दोघांबद्दल बोलतोय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.