भानुदासकाकांचा पुकारा

आमच्या शेजारच्या भानुदासकाकांना हळू बोलता येत नाही. जेवताना मीठ मागितलं तरी सगळ्या गल्लीला कळतं, आज काकांचं वरण अळणी आहे.

ही सवय लग्नांतली. आमच्या धारूरकडं आहेर आला की माईकवर नाव पुकारतात. ते काम कायम काकांचं. कुणी साधा टॉवेल आणला तरी काका असं नाव घ्यायचे, की आणणारा ताठ होऊन बसायचा.

निवडणूक आली की काका पार्टीसाठी वर्गणी मागत फिरतात. पार्टी लहान, जीपचं डिझेलसुद्धा घराघरातल्या दहा-वीस रुपयांवर चालतं. दारात नोट घेतली की काका गल्लीकडं तोंड करून पुकारणार, "सुलोचनाबाई लक्ष्मण यांच्याकडून पार्टीला दहा रुपये!"

पहिल्या वेळी माझं नाव असं ऐकून मी दाराआड लपले. "काका, कावून वरडता? दहाच तर हायेत."

"दहा हायेत म्हणून गुपचूप घ्यू? चोरीचे हायेत का?"

खरं सांगायचं तर या गल्लीत मी 'लक्ष्मणची मंडळी'. माझं नाव मोठ्यानं घेतलेलं मी चौथीपर्यंत शाळेच्या हजेरीत ऐकलं, त्यानंतर काकांच्या तोंडून. लाजून मरायची, आणि पुढच्या निवडणुकीची वाट बघायची.

एकदा रस्त्याची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदारानं मोठी नोट पुढं केली. म्हणाला, "नाव तेवढं घेऊ नका."

काकांनी नोट परत केली. "मग मी पुकारू काय?"

पहिली वर्गणी मात्र त्यांच्याच घरची. गयाकाकू नोट देऊन आत जायच्या. काका ओट्यावर येऊन गरजायचे, "गयाबाई भानुदास यांच्याकडून पार्टीला दहा रुपये!" आतून काकू तेवढ्याच जोरात, "ऐकू आलं! चहा निवतोय, या!" गल्ली हसायची. निवडणूक लागली हे आम्हाला असं कळायचं.

गेल्या थंडीत काकू गेल्या.

यंदा पार्टीच्या पोरांनी चहाच्या टपरीवर मोबाईलनं पैसे भरायचा कागद चिकटवला, शेजारी छोटं मशीन ठेवलं. "काका, आता तुमी हिंडू नका. पैसे आपोआप येतेत."

"नाव कोण घेतं?"

"मशीन बोलतंय की, पैसे मिळाले म्हणून."

"कुणाचे मिळाले, ते सांगतंय का?"

पोरं हसली. काका घरी गेले ते बाहेरच पडेनात. माझी नोट मसाल्याच्या डब्यात तशीच राहिली. हळदीनं पिवळी झाली.

काल सकाळी मी अंगण झाडत होते. काका ओट्यावर आले. अंगात धुतलेला सदरा, हातात दहाची नोट. गल्लीकडं न बघता ते आपल्याच दाराकडं तोंड करून उभे राहिले.

"गयाबाई भानुदास यांच्याकडून पार्टीला दहा रुपये."

इतकं हळू, की शेजारी असून मला जेमतेम ऐकू आलं. मग ते तसेच उभे राहिले. दाराकडं बघत. कशाची वाट बघतायत ते मला कळलं.

मी तर कोंबड्यांनासुद्धा हाक मारत नाही, ताटली वाजवते. पण काल हातातला झाडू खाली पडला आणि तोंडातून निघून गेलं,

"ऐकू आलं, काका! चहा निवतोय, या!"

समोरच्यांची खिडकी उघडली. काका वळले. सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत आमच्या दाराकडं यायला लागले.

मी आत पळाले. चुलीवर अजून आधणसुद्धा नव्हतं.