कासवाचं अपील मंजूर होतं

मुलांनो, एका जंगलात कायद्याचं राज्य होतं. म्हणजे राज्य वाघाचंच होतं. कायदा त्याच्या गुहेत भाड्यानं राहायचा. चुळबुळ करू नका. गोष्ट न्यायाची आहे, तेव्हा वेळ लागणारच.

त्या जंगलात एका सशानं आणि एका कासवानं मिळून वाघाच्या जाळीतली करवंदं खाल्ली. वाघ करवंदं खात नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण जाळी त्याच्या नावावर होती. दोघांनाही जन्मठेप झाली आणि दोघांना लांबलांबच्या कोठड्यांत टाकलं. एकत्र ठेवलं असतं तर त्यांनी आणखी करवंदं खाण्याचा कट केला असता.

जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. सशाचा जन्म तो केवढा! कासव मात्र दोनशे वर्षं जगतं. हे कासवाच्या लक्षात आलं. त्याला आपलं तळं पुन्हा एकदा बघायचं होतं. तिथल्या शेवाळाचा वास आठवला की त्याला रडू यायचं. हसू नका, कासवंही रडतात.

मग त्यानं टिटवीला वकीलपत्र दिलं. टिटवीला कायद्यातलं काही कळत नव्हतं, पण ओरडण्यात ती कुणाला हार जायची नाही. अर्धी वकिली तीच असते.

न्यायाधीश होता म्हातारा गवा. ऐकलेलं सगळं तो पोटात साठवायचा आणि सवडीनं रवंथ करायचा. असे बरेच पावसाळे गेले. टिटवीला नातवंडं झाली. मग एकदाची सुनावणी निघाली.

टिटवीचं म्हणणं सोपं होतं. गुन्हा एकच, करवंदंही सारखीच खाल्ली, मग सशाला चार-दोन वर्षं आणि माझ्या अशिलाला दोन शतकं का? सशाइतकीच शिक्षा द्या, एक दिवसही जास्त नको.

गवा रवंथ करायचा थांबला. कायदा सर्वांना समान, हे वाक्य त्यानं तरुणपणी पाठ केलं होतं, पण वापरायची संधी कधी आली नव्हती. त्याचे डोळे भरून आले. त्यानं तुरुंगाधिकारी तरसाला पुढे बोलावलं आणि ससा किती काळ कैदेत होता, ते विचारलं.

"एकच दिवस, साहेब," तरस म्हणाला. "आला त्याच संध्याकाळी वारला."

"कशानं?"

"भुकेनं."

"त्याच्या?"

तरसानं तोंड पुसलं. "एवढं खोलात जायची आमच्याकडे पद्धत नाही, साहेब."

गव्यानं समजल्यासारखी मान डोलावली आणि निकाल दिला. अपील मंजूर. कासवाची शिक्षा सशाइतकीच. ती आज संध्याकाळी, सशासारखीच संपेल.

सगळ्या जंगलानं टाळ्या वाजवल्या. टिटवी तर सत्कार घ्यायला निघूनसुद्धा गेली. कासव मात्र गव्यापुढे सरकलं.

"साहेब, माझी जुनी शिक्षाच बरी होती. ती परत द्या."

"तसं करता येत नाही," गवा मायेनं म्हणाला. "तुम्ही जिंकला आहात. जिंकलेल्याला अपील नसतं."

कासवानं मान आत ओढली. चारही पाय आत घेतले. इतकी वर्षं तरसानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, पण आता हातात कोर्टाचा हुकूम होता. संध्याकाळी त्यानं कासवाच्या पाठीवर दोन दात पाडून घेतले आणि मग शेजारीच बसून राहिला. अजून बसला आहे. तळं तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पण कासवाला ते काही दिसलेलं नाही.

तेव्हापासून पावलं वाजली की जगातली सगळी कासवं मान आत घेतात. मोठी माणसं सांगतील, ती शत्रूला घाबरतात. त्यांचं ऐकू नका. आपल्या बाजूनं लागलेला निकाल घेऊन कुणी आलं असेल, अशी त्यांना धास्ती असते.

तात्पर्य : अन्याय झाला तर गप्प बसावं, दोनशे वर्षं सुखानं जगता येतं. न्याय मागायचाच असेल, तर तुरुंगाधिकारी जेवलाय का, ते आधी विचारून घ्यावं.